द्राक्षबागेंतील कारखानदार

मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत नाशिकचें नांव निघालें म्हणजे गोदावरीचा घाट, चिवडा आणि द्राक्षें या तीन गोष्टींची आठवण हटकून होते. माघ-फाल्गुनाच्या सुमारास दादरच्या बाजारांत हिरव्या घडांच्या राशी लागतात आणि गिरगांवांतल्या चाळींतूनहि द्राक्षांच्या पेट्या घरोघर पोंचतात. द्राक्षें खावीं, आजाऱ्यास द्यावीं, वैद्यांनीं सांगितलें तर औषधाच्या बाटलींतलें द्राक्षासव चमच्यानें मोजून घ्यावें, एवढाच या फळाशीं मध्यमवर्गाचा पिढ्यान् पिढ्यांचा संबंध. परंतु त्याच नाशिक जिल्ह्यांत गेल्या पाव शतकांत द्राक्षांस आणखी एक वाट फुटली आहे. ही वाट रुळविणारा मनुष्य नाशिकचा परंपरागत शेतकरी नव्हे. तो मुंबईंत वाढलेला, अमेरिकेंत शिकलेला आणि तेथील चांगली नोकरी सोडून आलेला एक तरुण होता. राजीव सामंत हें त्यांचें नांव, आणि 'सुला' हें त्यांच्या वायनरीचें.

विषय मद्याचा आहे, हें आरंभींच स्पष्ट केलेलें बरें. दारूनें धुळीस मिळालेला संसार परळ-लालबागच्या कोणत्याहि चाळींत शोधावा लागत नाहीं. जुन्या गिरणगांवांतील बायकांस त्यासाठीं पुस्तकांतले दाखले नकोत. तेव्हां हें भाषण मद्याची शिफारस करण्यासाठीं नाहीं. एक नवा धंदा कसा उभा राहतो, त्याच्या भरंवशावर किती शेतकरी आपली जमीन लावतात, आणि समाज त्याकडे कोणत्या नजरेनें पाहतो, हें समजून घेण्यासारखें आहे, म्हणून हा प्रपंच.

मुंबईस मद्याची ओळख नाशिकनें करून दिली, असें मात्र कोणी समजूं नये. ज्या काळीं गिरगांव, परळ, दादर आणि माहीम येथें घरें विरळ आणि माडांच्या वाड्या दाट होत्या, त्या काळीं भंडारी लोक कमरेला कोयती लावून माडावर चढत, पोय छेदून तिच्याखालीं मडकें बांधीत आणि पहांटे माडी उतरवीत. सकाळीं ती गोड लागे. ऊन चढूं लागलें कीं आंबे. ताडदेव या नांवांतला ताड त्याच वनश्रीची खूण म्हणून दाखविला जातो. पुढें १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. रस काढण्याच्या झाडावर सरकारचा कर बसला, आणि भंडाऱ्याचें झाड सरकारच्या हिशेबाच्या वहींत शिरलें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली गेली. तें मंत्रिमंडळ लवकरच गेलें आणि ती बंदीहि टिकली नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. कालांतरानें तो सैल पडला, बंदीच्या जागीं परवाने आले, पण मूळ कायदा रद्द झाला नाहीं. नांव बदलून तोच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झाला. अर्थात् ज्या राज्यांत देशांतील सर्वांत अधिक वाइन तयार होते, त्या राज्याचा मद्याविषयींचा कायदा आजहि दारूबंदीच्या नांवानेंच ओळखला जातो! या विसंगतींतच पुढील सर्व हकीकतीचें मूळ आहे.

सामंत यांचें शिक्षण कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत झालें. अर्थशास्त्र आणि औद्योगिक अभियांत्रिकी हे त्यांचे विषय. ऑरॅकल या नामांकित कंपनींत कांहीं काळ नोकरी करून १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं ते स्वदेशीं परतले. नाशिकजवळ गंगापूरच्या धरणाकांठीं त्यांच्या कुटुंबाची थोडी जमीन होती. ती विकून टाकण्याऐवजीं कसावी असें त्यांच्या मनानें घेतलें. आंबा लावून पाहिला, गुलाब लावून पाहिले, साग लावून पाहिला, खाण्याचीं द्राक्षेंहि लावून पाहिलीं. शहरांतून आलेल्या हौशी शेतकऱ्याची फजिती पाहण्यास गांव नेहमींच उत्सुक असतें. परंतु या फिरत्या प्रयोगांतून एक प्रश्न मात्र पुढें आला. नाशिकांत द्राक्षांची लागवड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. ओझर, पिंपळगांव, दिंडोरी या भागांतील बागाइतदारांनीं ती देशांत अग्रेसर करून दाखविली. मग इतकीं द्राक्षें जेथें पिकतात, तेथें वाइनची द्राक्षें कां नाहींत?

हा प्रश्न त्यांच्यापूर्वीं कोणाच्या मनांतच आला नव्हता असें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळणारी वाइन तयार केली होती आणि 'ओमर खय्याम' या नांवानें ती परदेशीं धाडलीहि होती. कर्नाटकांत नंदी टेकडीच्या परिसरांत कंवल ग्रोव्हर यांनीं फ्रेंच वाणांची लागवड केली होती. परंतु नाशिकच्या मातींत हा प्रयोग मुळांतून कोणी रुजविला नव्हता. सामंत पुन्हां कॅलिफोर्नियास गेले, तेथील एका लहान वायनरींत त्यांनीं अंगमेहनतीनें काम शिकून घेतलें, आणि केरी डॅमस्की नांवाच्या अनुभवी वाइनतज्ज्ञास नाशिकची जमीन दाखविण्यास घेऊन आले. समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंची, हिंवाळ्यांतील थंड रात्री आणि कोरडे दिवस, हें पाहून डॅमस्की यांनीं अनुकूल मत दिलें. १९९७ सालीं सोव्हिन्यों ब्लां आणि शनँ ब्लां या फ्रेंच वाणांची लागवड झाली. दारूबंदीच्या कायद्याखालीं वाइन गाळण्याचा परवाना मिळविण्यांत बराच काळ खर्ची पडला, आणि २००० सालीं पहिल्या बाटल्या बाजारांत आल्या. आई सुलभा हिच्या नांवावरून वाइनला 'सुला' हें नांव दिलें, आणि बाटलीवर छापला एक मिशाळ, हंसरा सूर्य. परदेशीं राजवाड्यांचीं आणि सरदारांचीं नांवें लावून माल खपविण्याची या धंद्याची चाल असतां, घरांतल्या आईचें नांव आणि देशी सूर्य पुढें करण्यास थोडें धाष्टर्यच लागतें.

या ठिकाणीं मुंबईचा पाहुणा कसा पोंचतो आणि काय पाहतो, तें आतां पाहूं. सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसनें दादरहून निघालें म्हणजे कसाऱ्याचा घाट चढून, इगतपुरी मागें टाकून गाडी नाशिकरोडास येते. तेथून शहर ओलांडून गंगापूरच्या दिशेनें गेलें कीं रस्त्याच्या कडेनें तारांवर चढविलेल्या वेलींच्या सरळ ओळी दिसूं लागतात. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. युरोपांत द्राक्षें साधारणतः आश्विनाच्या आसपास काढतात. तेथें हिंवाळ्यांत वेल झोंपी जातो. आपल्या उष्ण देशांत वेलास झोंप अशी नसते. म्हणून शेतकरी त्यास वर्षांतून दोनदां छाटतो. एप्रिलची ती खरड छाटणी, तिनें पुढील काडी तयार होते. पावसाळा सरतांना ती फळछाटणी, तिनें घड धरतात. निसर्गाची कमतरता कात्रीनें भरून काढण्याची ही महाराष्ट्राची विद्या आहे, आणि या कामीं परदेशी तज्ज्ञासहि येथील बागाइतदारापाशींच शिकावें लागतें.

बाजारांतलें द्राक्ष मोठें, पातळ सालीचें आणि बिनबियांचें असतें. तें फुगविण्यासाठीं घड संजीवकाच्या द्रावणांत बुडवितात. वाइनचें द्राक्ष याच्या उलट. दाणा लहान, साल जाड, आंत बिया. खाऊन पाहणारास त्यांत फारशी मौज वाटत नाहीं; परंतु रंग, वास आणि तुरटपणा यांचा सांठा सालींत व बियांतच असतो. घड जास्त धरले तर रस पाणचट होतो, म्हणून एकरीं उत्पन्न मुद्दाम कमी ठेवावें लागतें. रसांतील साखर शेंकडा वीस-बावीसच्या पुढें गेली म्हणजे तोडणीचा दिवस ठरतो. ऊन तापण्यापूर्वीं, पहांटेच्या गारव्यांत, घड कापले जातात. कारण तापलेला घड वाटेंतच आंबूं लागतो.

कारखान्यांत प्रथम देंठ वेगळे करणारें यंत्र आहे. पांढऱ्या वाइनसाठीं द्राक्षें लगेच दाबून रस निराळा काढतात. तांबड्या वाइनसाठीं काळ्या द्राक्षांचा रस सालींसकटच आंबवितात, कारण बहुतेक काळ्या द्राक्षांचाहि गर फिकाच असतो आणि रंग केवळ सालीचा असतो. पुढें गंज न चढणाऱ्या पोलादाच्या उंच टाक्यांत रस जातो. यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव साखर खातात, तिचें अल्कोहोल करतात आणि कर्बाम्ल वायु सोडतात. हें रहस्य एकोणिसाव्या शतकांत लुई पाश्चर यांनीं उलगडून दाखविलें. माडाच्या मडक्यांत भंडाऱ्याच्या नजरेसमोर जें आपोआप घडत असे, तेंच येथें मोजून-मापून घडवितात. अंतर इतकेंच कीं मडकें मुंबईच्या हवेवर सोंपविलेलें असे, आणि टाकीच्या अंगाभोंवतीं थंड द्रव खेळवून पांढरा रस चौदा-पंधरा अंशांच्या आसपास ठेवतात. ही उष्णता आवरली नाहीं तर फळाचा सुगंध वायूबरोबर उडून जातो. कांहीं तांबडी वाइन पुढें ओक लांकडाच्या पिंपांत महिनोन् महिने मुरते. सव्वा किलोच्या आंतबाहेर द्राक्षांतून पाऊण लिटरची एक बाटली निघते, आणि तींत शेंकडा बारा-तेराच्या सुमारास अल्कोहोल असतें. बाटलीस लांकडी बुचाऐवजीं पेंचाचें झांकण बसविण्याची चाल येथें लवकर स्वीकारली गेली. आपल्याकडील उन्हाळ्यांत बूच वाळतें, हवा आंत शिरते आणि माल बिघडतो. म्हणून रूढीपेक्षां हवामानाचें ऐकणें शहाणपणाचें ठरलें.

तरी हीं यंत्रें कोणीहि धनवान् मनुष्य विकत आणूं शकेल. सामंत यांची खरी कल्पकता यंत्रांत नसून दरवाजांत आहे. मुंबईंतील दारूचा गुत्ता म्हणजे अर्धें दार, काळोख आणि पडदा. आंत जाणारा इकडेतिकडे पाहून शिरणार, बाहेर येणारा तोंड पुसून निघणार. या धंद्याची सारी रचनाच लपण्यावर उभारलेली. गंगापुरास हीच गोष्ट उजेडांत मांडली गेली. २००५ सालीं तेथें चव पाहण्याची खोली उघडली, आणि भारतांत अशी सोय प्रथम तेथेंच झाली असें सांगतात. वरच्या गच्चीवरून द्राक्षबाग दिसते, पलीकडे धरणाचें पाणी दिसतें. माहितगार मनुष्य कारखाना हिंडवून दाखवितो, आणि नंतर पेल्याच्या तळाशीं थोडी थोडी वाइन ओतून तिचा रंग, वास आणि चव कशी पारखावी तें समजावून सांगतो. पुढें राहण्यासाठीं निवास झाला, २००८ पासून संगीताचा महोत्सव सुरू झाला, आणि देवदर्शनास जाणाऱ्यांच्या नाशिकास बागा पाहण्यास जाणारे लोक लाखोंनीं लोटूं लागले. नवराबायको, वृद्ध आईबापहि तेथें दिसतात. जे पीत नाहींत, तेहि बागेंत बसून जेवून परततात.

याचें कौतुक करतांना हिशेबाची दुसरी बाजू पाहणें अवश्य आहे. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, वाइनला अबकारी करांत मोठी सवलत दिली, आणि विंचूर व पलूस येथें वाइन उद्योगासाठीं खास वसाहती काढल्या. वायनऱ्यांची संख्या भराभर वाढली. त्यांच्या शब्दावर शेकडों शेतकऱ्यांनीं खाण्याचे वेल उपटून वाइनचे वाण लावले. मग २००८ सालची जागतिक मंदी आली. त्याच वर्षीं २६ नोव्हेंबरला दक्षिण मुंबईंतील मोठ्या हॉटेलांवर दहशतवादी हल्ला झाला. परदेशी पाहुणे थांबले आणि हॉटेलांतला वाइनचा खप घसरला. नारायणगांवची जुनी कंपनी कर्जाखालीं सांपडून कोसळली. कुलाब्याच्या हॉटेलांतला दिवा विझला, आणि त्याचा अंधार निफाड-दिंडोरीच्या शेतांत पडला. वाइनचें द्राक्ष खरेदीदारानें नाकारलें तर तें दादरच्या हातगाडीवर विकतां येत नाहीं. जाड सालीचें, बियांचें फळ कोण घेणार? अनेकांनीं तीन-तीन वर्षें जोपासलेले वेल पुन्हां उपटले.

या वादळांतून सुला तगली, याचें कारण तिनें हॉटेलांवर सर्व भिस्त ठेवली नव्हती. दुकानें आणि बागेवर येणारा पाहुणा हे तिचे दोन आधार होते. शेतकऱ्यांशीं तिनें बारा-बारा वर्षांपर्यंतचे करार केले, आणि अशा करारांखालील जमीन दोन हजार एकरांच्या पुढें गेली. फुगविण्याच्या द्रावणाचा खर्च नाहीं, पेट्या भरण्याची दगदग नाहीं, भाव आधींच ठरलेला. शेतकऱ्यास हें सोयीचें वाटतें. परंतु भाव ठरलेला म्हणजे भाव चढला तरीहि ठरलेलाच, आणि घेणारा एकच. सांवली मोठी असली तरी ती एकाच झाडाची आहे, हें शेतकऱ्यानें विसरूं नये. शिवाय या बागांतून छाटणी-तोडणीसाठीं पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी कुटुंबें हंगामापुरतीं उतरतात. पाहुण्याच्या पेल्यापर्यंत पोंचलेल्या रसांत त्यांच्या हातांचाहि वांटा आहे. गच्चीवरून दिसणाऱ्या देखाव्यांत तो वेगळा ओळखूं येत नाहीं, इतकेंच.

डिसेंबर २०२२ मध्यें कंपनीचे भाग मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर आले. ३५७ रुपयांस एक भाग विकला गेला. तो पैसा कंपनीच्या तिजोरींत न जातां जुन्या भागधारकांस मिळाला, कारण नवे भाग काढलेच नव्हते. आरंभीं किंमत चढली, आणि २०२५ सालीं ती मूळ किंमतीच्याहि खालीं उतरली. ज्या मध्यमवर्गानें वाइन कधीं चाखली नव्हती, त्यांतील कित्येकांनीं तिचे भाग मात्र घेतले! वाइन मुरल्यानें सुधारते असें म्हणतात. भागांस तो नियम लागू नाहीं.

आतां मूळ प्रश्न. २७ जानेवारी २०२२ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याचें हित हें त्याचें कारण सांगितलें गेलें. लगेच वादळ उठलें. किराण्याच्या फडताळाशेजारीं मद्याची बाटली नको, असें अनेकांनीं सांगितलें. अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला. सरकारनें लोकांचीं मतें मागविलीं, आणि तो निर्णय अंमलांत आला नाहीं. "वाइन म्हणजे दारू नव्हे" असें एक वाक्य त्या वेळीं पुष्कळ ऐकूं आलें. या वाक्यानें कोणाचेंहि समाधान होण्यासारखें नाहीं. वाइनमध्यें अल्कोहोल असतें. तें व्हिस्कीपेक्षां कमी असतें, पण असतें. तेव्हां वाइन ही दारूच आहे. प्रामाणिक प्रश्न निराळाच आहे. माडी उतरविणाऱ्या भंडाऱ्याच्या झाडावर कर आणि मळ्यांतील द्राक्षावर सवलत; गिरणीकामगाराच्या पेल्यास व्यसन म्हणावयाचें आणि मलबार हिलवरील पेल्यास रसिकता; ही दोन मापें एकाच समाजानें किती दिवस वापरावीं? २०१५ सालीं मालवणींत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. तीं गरीब होतीं. त्यांच्या पेल्यांत काय ओतलें जात होतें, तें पाहण्यासाठीं कोणी कांचेची खिडकी ठेवली नव्हती.

येथेंच गंगापूरच्या वायनरीचा धडा आहे, आणि तो पिणाऱ्यांपेक्षां न पिणाऱ्यांसच अधिक उपयोगी आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें दारूबंदीचें ध्येय सरकारपुढें ठेवलें आहे; तें ज्यांस मान्य आहे त्यांनीं तें निर्भयपणें मांडावें. पण जोंवर मद्य विकलें जातच आहे, तोंवर तें कोठें तयार झालें, कशाचें तयार झालें, त्यांत किती अल्कोहोल आहे, आणि त्यापायीं कोणाच्या शेताचें बरेंवाईट होतें, हें सर्व उजेडांत असावें. काळोखांतल्या धंद्यावर लोकमताचा अंकुश चालत नाहीं. उजेडांतल्या धंद्यावर चालतो. सुपरमार्केटच्या निर्णयाविरुद्ध लोक बोलूं शकले, कारण तो निर्णय सर्वांसमक्ष झाला होता.

एका मुंबईकर तरुणानें आंब्यापासून गुलाबापर्यंत चार वेळां वाट चुकून पांचव्या वेळीं जी वाट धरली, ती सर्वांना रुचेल असें नाहीं, आणि रुचावी असा आग्रहहि नाहीं. परंतु घरची जमीन विकण्याऐवजीं ती कसून पाहणें, परदेशांतून नोकरीऐवजीं विद्या घेऊन येणें, आणि जें करावयाचें तें दार उघडें ठेवून करणें, हे तीन गुण द्राक्षाच्या बागेइतकेच दुसऱ्या कोणत्याहि धंद्यांत उपयोगीं पडणारे आहेत. गिरगांव-दादरच्या ज्या घरांत मुलगा शेतीचें किंवा स्वतंत्र उद्योगाचें नांव काढतांच आईबापांच्या कपाळावर आठी चढते, त्या घरांनीं वाइनचा पेला दूर सारावा, हें उत्तमच. तीं तीन गोष्टी मात्र घरांत येऊं द्याव्यात.